पाण्याचा दिवस नव्हता

खड्ड्यातला नळ फुसफुसला तेव्हा बंडगर सर पाकिटावर तिकीट चिकटवत होते. आधी नुसती हवा, मग घशात अडकल्यासारखी गुळणी, मग गढूळ पाण्याची पहिली पिचकारी. दाब कमी म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी दारासमोर कमरेएवढे खड्डे घेऊन नळ खाली उतरवलेले, त्यामुळे पाणी आलं की ते जमिनीच्या पोटातून बोलल्यासारखं ऐकू यायचं. हा आवाज आला की सोलापूरचा माणूस भरल्या ताटावरून उठतो. सर मात्र उठले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बुधवार. पाणी सोमवारी येऊन गेलेलं, आता यायचं ते शनिवारी. आज पाण्याचा दिवस नव्हता. मनगटावरच्या घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती आणि सवयीनं सरांचा हात टेबलावरच्या निळ्या वहीकडे गेला. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, याची गेल्या वीस वर्षांची नोंद त्या वहीत होती. वहीला बोटं लागली आणि तशीच थांबली. गेल्या वर्षापर्यंत अशा वेळी त्यांच्या डोक्यात आधी राग यायचा आणि रागामागोमाग पत्राचं पहिलं वाक्य. आज राग आला नाही. दिवस नसताना पाणी येतं त्याचा अर्थ काय, हे त्यांना बेचाळीस दिवसांपूर्वी कळलं होतं. गल्लीत कुणीतरी गेलं होतं.

मल्हार धुळा बंडगर, म्हणजे पेपरातले ‘म. धु. बंडगर, सोलापूर’. एका खासगी हायस्कुलात तेहतीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण नागरिकशास्त्राचं पुस्तक काही त्यांना मिटवता आलं नाही. या शहरात आणि या देशात अशी एकही गोष्ट नव्हती जिच्याबद्दल सरांना मत नव्हतं. चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स, ज्यांच्यावर जन्माला येण्यापलीकडे काही न केलेली माणसं हात जोडून उभी असतात. डांबर पडल्याच्या आठव्या दिवशी केबलसाठी रस्ता खोदणारे. मिरवणुकीतला तो डीजे, ज्याच्या धडधडाटानं कपाटातल्या कपबश्या बसल्या जागी नाचतात. टीव्हीवर आठ चौकोनांत बसून एकाच वेळी ओरडणारे आठजण, आणि त्याला चर्चा म्हणणारा नववा. निवडणुकीआधी एका पक्षात आणि निकालानंतर दुसऱ्याच पक्षात सापडणारे पुढारी. एसटीत मोबाइल मोठ्यानं लावून बसणारी पोरं. बँकेतल्या पेनाला बांधलेली सुतळी. नागरिकावर एवढा अविश्वास! पेपरवाल्यांनी आता पत्रांसाठी व्हॉट्सॲपचा नंबर दिला होता, पण सरांचं मत पाकिटात बसून तिकीट लावूनच जायचं. आणि पत्र कशाबद्दलही असो, शेवटाकडे ‘प्रशासनाला सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी’ हे वाक्य ठरलेलं. सुकन्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, “अवो, तीस वर्सं झाली, त्यो घडा एकदा सुलटा तरी करा की.” सर हसले होते. पण ते वाक्य त्यांनी काढलं नाही.

कारण पहिली वाचक सुकन्याच. वाचक कसली, ऐकणारी. सर लिहून झालं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकायचे आणि वर्गात धडा वाचावा तसं पत्र वाचून दाखवायचे. ती आत मेथी निवडत असायची, शेंगा कुटत असायची, नाहीतर कडक भाकरी तव्यावर दाबून दाबून वाळवत असायची. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, तेही सांगोल्याकडच्या खेड्यात. पण पेपरात पत्र आलं की तीच ते कात्रीनं कापायची, गव्हाच्या पिठाची खळ करायची आणि जाड फायलीत एकेका पानावर एकेक पत्र डकवायची. मधेच कधी वाचन चालू असताना ती काहीतरी बोलू बघायची. “अवो, पर...” एवढंच तोंडातून निघायचं, आणि सर डावा हात वर करायचे. “थांब. वाक्य तुटतंय.” वाक्य संपायचं, परिच्छेद संपायचा, पत्र संपायचं, पण ‘पर’च्या पुढचं काय, हे विचारायचं सरांच्या कधी ध्यानात आलं नाही. चूक शुद्धलेखनाची असती तर त्यांना लगेच दिसली असती.

नळ आता सरळ धारेला लागला होता. पूर्वी अशा वेळी सुकन्याची धांदल बघण्यासारखी असायची. आधी पिण्याचं, मग टिपाड, मग बादल्या, मग भांडी, आणि शेवटी तुळस. सर दारात उभं राहून वेळ लिहायचे. त्यांनी कधी घागर उचलली नाही असं नाही, पण त्यांचं खरं काम नोंदीचं. नोंद नसेल तर नागरिक बोलणार कशाच्या जोरावर? आणि त्याच नोंदीच्या जोरावर त्यांनी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ते पत्र लिहिलं होतं. त्या दिवशी ते सकाळपासून वाचनालयात होते. चार वाजता उन्हातून घरी आले तर गटारीतून पाणी वाहतंय, घरातलं टिपाड तुडुंब भरलेलं, दाराला कडी आणि सुकन्याचा पत्ता नाही. वार मंगळवार, पाण्याचा दिवस गुरुवार. सरांचं डोकं फिरलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला बायका टँकरमागं धावतायत आणि हितं चावीवाल्याला लहर आली की व्हॉल्व्ह उघडतो! त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. टिपाडातलाच एक तांब्या भरून टेबलावर ठेवला, घोट घोट पाणी पीत एका बैठकीत पत्र लिहून काढलं. ‘वेळापत्रक नागरिकांसाठी की चावीवाल्याच्या मर्जीसाठी?’ त्यात दिनांक होता, वेळ होती, गल्लीचं नाव होतं. माणसाचं नाव घातलं नाही. तेवढं तारतम्य सरांना होतं. पण आपल्या भागात चावीवाला एकच, हे त्यांना सुचलं नाही.

सुकन्या दिवेलागणीला आली, केस ओले. सरांनी विचारलं नाही कुठं गेली होती. खुर्ची उंबऱ्यात टाकली आणि वाचायला घेतलं. ती चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठमोरी उभी होती. दुसऱ्या परिच्छेदात ती वळली. “अवो, आज मागल्या गल्लीत...” सरांचा डावा हात वर गेला. “थांब. वाक्य तुटतंय.” ती थांबली. पत्र संपल्यावर तिनं ताट वाढलं. जेवताना सरांना वाटलं की ती जरा गप्प आहे, पण उन्हाळ्याचे दिवस, गप्प असते कधी कधी. सकाळी पत्र पेटीत पडलं. चार दिवसांनी चौकटीत छापून आलं, वर संपादकांनी ठळक मथळा घातलेला, आणि वाचनालयात तिघांनी सरांची पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात पाण्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी नियम काढला: दिवस सोडून व्हॉल्व्ह उघडायचा नाही, उघडायचा तर लेखी आदेश पाहिजे, उघडल्याचा आणि बंद केल्याचा फोटो पाठवायचा. कंत्राटी चावीवाला सिद्धाराम बदलला आणि त्याच्या जागी मफलर गुंडाळलेला दुसरा माणूस आला. सरांनी वहीत लिहिलं, ‘पाणी वेळेवर.’ पुढं वर्षभर तसंच लिहिलं. एका साध्या नागरिकाच्या पत्रानं एवढं होतं, हे त्यांनी लेकीला, प्रियंकालाही फोनवर सांगितलं. ती पुण्याहून म्हणाली, “छान की, आप्पा.”

या ऑगस्टमध्ये सुकन्या गेली. दुखणं असं काही नव्हतं. पहाटे उठली, दार उघडलं, अंगणात पाणी मारायला वाकली आणि तशीच बसली. सर पेपर वाचत होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. साडेनवाला तिला घरी आणलं तेव्हा दारात गल्ली जमलेली होती. मागच्या यंत्रमागवाल्यानं माग बंद केले होते, त्यामुळे एरवी कानाला सवय झालेली खडखड थांबून गल्ली उघडी पडल्यासारखी वाटत होती. बायका टिपाडात वाकून बघत होत्या. तळाला वीतभर पाणी होतं. पाण्याला अजून दोन दिवस होते. मयताला आंघोळ घालायची, मातीहून आलेल्यांना हातपाय धुवायला द्यायचं, घर धुवून काढायचं. कुणीतरी नव्या चावीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, लेखी आणा. साहेबांकडं गेलं तर साहेब मिटिंगला. प्रियंका अजून इंदापूरच्या अलीकडं पोचली नव्हती, ती फोनवर रडत ओरडत होती, “माणूस गेलंय आणि लेखी काय मागतात? असा कसा नियम?” फोन दाक्षायणीच्या हातात होता. दाक्षायणी म्हणजे मागच्या गल्लीतल्या महेश्वर अण्णांची सून. ती म्हणाली, “आधी देत हुते की हो. कुणाच्यात मयत झालं की सिद्धारामला नुसता फोन करायचा, तो चाळीस मिंटं सोडायचा. आमच्या आत्याबाई गेल्या तवाबी सोडलं हुतं. मग पेपरात आलं.” हे सांगताना तिनं सरांकडं बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. सगळ्या गल्लीनं मिळून आपली नजर दुसरीकडं ठेवली आणि तो मान सरांना एखाद्या थपडेपेक्षा जास्त लागला. तिच्या आत्याबाई म्हणजे तिची सासू, चंद्रव्वा. चंद्रव्वा कधी गेली? एप्रिलमध्ये. एप्रिलच्या त्या मंगळवारी. सुकन्याचे ओले केस.

मग घागरी आल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. पहिली समोरच्या घरातून आली, मग शेजारून, मग मागच्या गल्लीतून. प्रत्येक घरात दोन दिवस पुरवायचं पाणी होतं आणि प्रत्येक घरानं त्यातली एक घागर सुकन्याला दिली. सर भिंतीला टेकून बसले होते आणि एकेक घागर उंबरा ओलांडून आत जाताना बघत होते. त्यांची मोजायची सवय त्या दिवशीही सुटली नाही, एकोणीस मोजल्या. विसाव्या वेळी दारात तीनचाकी टेंपो थांबला आणि सिद्धाराम उतरला. सरांनी त्याला नीट कधी बघितलंच नव्हतं. पन्नाशीचा, काळासावळा, कपाळाला विभूती. आता तो ऑफिसांना आणि लग्नांना थंड पाण्याचे जार पोचवायचा. त्यानं चार जार खांद्यावरून आत नेले, मोरीत ठेवले आणि बाहेर येऊन सरांसमोर उभा राहिला. सरांना वाटलं आता हा बोलेल, आणि बोलला तर बरं होईल. सिद्धाराम म्हणाला, “वैनी दर पाण्याच्या दिवशी कोपऱ्यावर मला चा आणून द्यायच्या, सर. सतरा वर्सं. एक दिवस चुकला न्हाय.” आणि टेंपो घेऊन गेला. सतरा वर्षं. सर दारात उभे राहून वेळ लिहीत होते, आणि त्यांच्या मागून, त्यांच्या घरातून, चहाचा एक कप कोपऱ्यापर्यंत जात होता. वहीत त्याची नोंद नव्हती.

तेराव्यानंतर प्रियंका गेली आणि घरात फक्त सर आणि शहर उरलं. हॉर्न वाजत होते, फ्लेक्सवर नवी तोंडं आली होती, टीव्हीवरचे आठजण ओरडतच होते. सर बघायचे आणि त्यांना काहीच मत यायचं नाही. आयुष्यभर खाजणारी जागा एकाएकी बधिर व्हावी तसं झालं होतं. एका दुपारी त्यांनी सुकन्याची फाईल काढली. ते पत्र त्यांना शोधायचं होतं; आपण नेमकं काय लिहिलं होतं, ते अक्षर न् अक्षर बघायचं होतं. मार्चचं पत्र होतं, घंटागाडीच्या गाण्यावरचं. मेचं होतं, सावली देणारी झाडं छाटण्यावरचं. मधलं पान कोरं होतं. खळ लावलेली नव्हती, काही उपटल्याची खूण नव्हती. तिनं एक पान मोकळं सोडलं होतं आणि पुढच्या पानावर पुन्हा डकवायला सुरुवात केली होती. तीस वर्षांत सुकन्यानं त्यांच्या एका पत्राबद्दल मत दिलं होतं, ते हे. आणि ते त्यांनी दीड वर्ष उघडूनही बघितलं नव्हतं.

त्याच दिवसांत केव्हातरी त्यांना कालवा आठवला. खरंच आठवला की मनानं रचला, याची अजूनही त्यांना पुरती खात्री नव्हती. सर तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. बाप धुळा मेंढरं घेऊन दरसाल पश्चिमेला उतरायचा, आई मायाक्का घोड्यावर बिऱ्हाड लादून मागं. त्या वर्षी माळशिरसच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यात, तळ पडला होता आणि बाप दोन दिवसांच्या तापात गेला. परका मुलूख, ओळखीचं कुणी नाही, भोवती दोनशे मेंढरं ओरडतायत. कालव्याच्या पोटचारीला पाणी होतं, पण ते कुणा बागायतदाराच्या उसाला चाललं होतं. त्याची पाळी होती, आणि पाळीचं पाणी म्हणजे त्या मुलखात जीव की प्राण, त्यावरून कुऱ्हाडी निघतात. आई चारीच्या कडेला जाऊन नुसती उभी राहिली. तिनं मागितलं नाही. बांधावरून एक धोतरवाला माणूस आला, त्यानं बघितलं, आणि फावड्यानं बांध फोडून सगळं पाणी त्यांच्या तळाकडं वळवलं. ऊस तसाच राहिला. सरांना त्या माणसाचं तोंड आठवत नव्हतं. पाणी लाल होतं, ऊन पडलेलं होतं, आणि बापाच्या अंगावरून ते वाहत खाली मेंढरांकडं गेलं आणि मेंढरांनी ते प्यायलं, एवढंच आठवत होतं. पाळी मोडून आलेल्या पाण्यानं ज्याच्या बापाला आंघोळ घातली, त्यानंच पाळी मोडली म्हणून पत्र लिहिलं. नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात हे बसत होतं?

तेव्हापासून सर एकच पत्र लिहीत होते. एकवीस दिवस. एरवी एका बैठकीत हातावेगळं व्हायचं, ते आता पुढं सरकत नव्हतं. ‘माझ्या गेल्या वर्षीच्या पत्रात’ इथवर यायचं आणि अडायचं. ‘माझी चूक झाली’ हे तीन शब्द त्यांनी किती मुलांकडून शंभर शंभर वेळा लिहून घेतले होते. स्वतः लिहायला बसले तर पेन जड. शेवटी काल लिहून झालं. त्यात त्यांनी सगळं सांगितलं होतं: की त्या दिवशी गल्लीत मयत होतं, की ही गल्लीची जुनी रीत आहे, की चावीवाल्यानं कुणाची मर्जी राखली नाही, माणुसकी राखली, की असला नियम रद्द करावा आणि त्या माणसाला परत घ्यावं. पालथ्या घड्याचं वाक्य यात नव्हतं. आज सकाळी पाकीट, आज तिकीट, आणि अकराच्या आत पेटीत; एवढं झालं की मग कदाचित रात्री डोळा लागेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि आज पाण्याचा दिवस नसताना नळ वाहत होता.

ते पाकीट हातात घेऊनच बाहेर पडले. माग बंद होते. दारादारांतून बायका घागरी भरत होत्या, पण आज पाण्याच्या दिवसाचा गलका नव्हता. कुणी ‘माझा नंबर’ म्हणत नव्हतं, मोटार लावली म्हणून कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं. सरांना बघून समोरची बाई भरलेली बादली पदराआड केल्यासारखी मागं सरली. पुढची एकजण बोलता बोलता थांबली. मागच्या गल्लीच्या तोंडाशी महेश्वर अण्णांच्या दारात माणसं होती, बाहेर चपलांचा ढीग, आतून कन्नडमधला हुंदका. तर अण्णा गेले. चंद्रव्वाच्या मागोमाग दीड वर्षानं अण्णा. वाचनालयात सरांच्या शेजारी बसून कन्नड पेपर वाचायचे ते अण्णा. सर चपलांपाशी थांबले. तेवढ्यात दाक्षायणीनं त्यांना बघितलं. ती बायकांतून उठली आणि डोळे पुसतच बाहेर आली. तिची नजर सरांच्या तोंडाकडं नव्हती, हातातल्या पाकिटाकडं होती. पांढरं पाकीट, वर पेपरचा पत्ता, कोपऱ्यात नवं तिकीट. ती सरांसमोर आली आणि तिनं हात जोडले.

“काका, पाया पडते तुमच्या. आजचं लिवू नका. सिद्धारामनं आपल्या जुन्या चावीनं सोडलंय, तो दुसरा तिकडं तोंड करून उभा हाय. दोगंबी गोत्यात येतील. आमच्या मामंजींची आंगुळ हू द्या, मग तुमाला काय लिवायचं ते मला लिवा, मी घरात ऐकून घेते.”

सरांना बोलायचं होतं. हे तसलं पत्र नाही, दाक्षायणी, हे उलटं आहे, मी माफी मागितली आहे, यात सिद्धारामचं भलंच आहे. वाक्य सगळं तयार होतं, तोंडापर्यंत आलं होतं. आणि तिच्या जोडलेल्या हातांकडं बघताना त्यांना कळलं की पत्र सुलटं काय, उलटं काय. ‘गल्लीची जुनी रीत आहे’, हे छापलं की साहेब वाचणार. वाचलं की विचारणार, ही रीत अजून चालू आहे का? आज कुणी सोडलं? चावी कुणाकडं आहे? चांगलं लिहिलं तरी बोट त्याच माणसाकडं जाणार होतं. ही रीत टिकली होती ती कुणी लिहिली नाही म्हणून. सगळी गल्ली सतरा वर्षं जे गप्प राहून सांभाळत होती, ते गप्प राहणं एकट्या त्यांनाच जमलं नव्हतं. “न्हाय लिवत,” ते म्हणाले. मास्तर झाल्यापासून घराबाहेर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून गावाकडची बोली निघाली. “जा तू. आत जा.”

घरी येऊन त्यांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टाकली. पाकीट फोडलं. गॅसजवळ कुणी नव्हतं. ओट्यावर सकाळचा त्यांचाच कप पडलेला. त्यांनी वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, वर्गात वाचायचे तसं. पहिला परिच्छेद झाला. दुसऱ्यात, ‘त्या दिवशी मागच्या गल्लीत’ इथं आल्यावर ते थांबले. वाक्य अर्धं होतं. त्यांनी ते पुरं केलं नाही. डावा हात मांडीवरच ठेवला आणि वाट बघितली. इथंच ती बोलणार होती. इथंच तिनं काहीतरी सांगायला घेतलं होतं. “बोल,” सर म्हणाले. “बोल की, सुकन्या. काय म्हणत हुतीस?” बाहेर नळाची धार चालू होती. सरांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं; बेचाळीस दिवसांत ते पहिल्यांदा नीट रडले, नाक ओढत, चष्मा हातात धरून. मग त्यांनी पत्राचे चार तुकडे केले, चाराचे आठ केले आणि ते आपल्या खिशात ठेवले. फाईल काढून डकवण्यासारखं त्यात काही नव्हतं. निळी वही टेबलावर उघडी होती. आजच्या तारखेपुढं काही न लिहिता त्यांनी ती मिटली.

सुकन्याची तांब्याची घागर मोरीच्या कोपऱ्यात पालथी होती. तेराव्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. सरांनी ती सुलटी केली, खळबळून विसळली, आणि खड्ड्यात उतरून नळाखाली धरली. भरलेली घागर वर काढताना गुडघे कुरकुरले. कमरेवर बसेना तेव्हा त्यांनी ती खांद्यावर घेतली, मायाक्काचा पोरगा घ्यायचा तशी. पाणी मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. गल्लीतून जाताना बायकांनी वाट दिली आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “सर बगा की.” कोपऱ्यावर व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी सिद्धाराम उकिडवा बसला होता, लोखंडी चावी गुडघ्यांत धरून. पलीकडं मफलरवाला भिंतीवरचं जुनं पोस्टर वाचत असल्यासारखा उभा. सरांना बघून सिद्धाराम उठला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, थकवा होता. वर्षापूर्वी एकदा जे झालं ते पुन्हा होणार असेल तर होऊ दे, असा. चाळीस मिनिटांचा आपला जुना नियम मात्र तो मोडणार नव्हता.

“सर, टायम काय झाला? चाळीस मिंटं झाली आसतील तर बंद करतो.”

सरांच्या खांद्यावर घागर होती आणि ती धरलेला हात सिद्धारामच्या डोळ्यांसमोर होता. शाळेनं निवृत्तीला दिलेलं घड्याळ. साडेदहा वाजून गेले होते. चाळीस मिनिटं केव्हाच झाली होती. आत अण्णांच्या घरात अजून घागरी जात होत्या.

“माझं घड्याळ बंद पडलंय,” सर म्हणाले.

सिद्धारामनं त्या मनगटाकडं बघितलं. सेकंदाचा काटा टिकटिक करत फिरत होता. त्यानं चावी बाजूला ठेवली आणि तो पुन्हा खाली बसला.

“मग ऱ्हाऊ द्या की,” तो म्हणाला. “सर, पाणी सांडतंय. तुमी व्हा पुढं.”